काहीही न करण्याचे आठ दिवस

निवांत बसण्यासाठी माझ्या साडूंनी जेवढी मेहनत घेतली, तेवढी आमच्या जिल्ह्यात एखादा साखर कारखाना उभा करायलाही कुणी घेतली नसेल, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वयानं माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे आणि आवाजानं त्याहून मोठे. शिरोली एमआयडीसीत त्यांचं पॅटर्न शॉप होतं. फौंड्रीत एखादा भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि साच्यात लोखंडाचा रस ओतायचा. या नमुन्याला पॅटर्न म्हणतात. आता लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा जरासा मोठा धरतात, आणि त्यासाठी या मंडळींकडं एक खास पट्टी असते, जिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित लांब असतो. साडूभाऊंनी जन्मभर ती पट्टी वापरली आणि तिचा परिणाम त्यांच्या एकूण स्वभावावर झाला. जगातली प्रत्येक गोष्ट पुढं आकसणार आहे, तेव्हा ती आधीच मोठी धरावी, असं त्यांचं मत. सहाच्या लग्नाला ते चारला हजर असत. शर्ट दोन नंबर मोठा शिवत. आमच्या घरी कपाटात फळी बसवायला आले तेही तीच पट्टी घेऊन, आणि फळी काही केल्या आत जाईना तेव्हा शांतपणे मला म्हणाले, "पावणं, फळी बरोबर हाय. तुमचं कपाट आकसलंय."

दुसरी सवय याहून घातक होती. आमच्याकडं दोन माणसं रस्त्यात भेटली की निरोप घेताना एकानं "या की जेवायला" म्हणायचं आणि दुसऱ्यानं "येतो की" म्हणायचं, असा रिवाज आहे. दोघांनाही ठाऊक असतं की कुणी येणार नाही. साडूभाऊंचा घोटाळा असा, की ते खरंच बोलवत. समोरचा "नको, पुन्हा कधीतरी" म्हणाला तर त्यांचा अपमान होई, आणि मग त्याच्या दंडाला धरून ते त्याला स्कूटरवर बसवत. विजेचा मीटर बघायला आलेला माणूस त्यांच्याकडं जेवून जाई. एकदा त्यांच्याकडं राँग नंबर लागला. पलीकडच्या माणसाला सांगलीतली खतांची कंपनी हवी होती. साडूभाऊंनी विचारलं, "कुठनं बोलालाय? शिरोळास्नं? मग कोल्हापुराला आलासा तर या की घरला." तो पुढच्या सोमवारी आला. उसाचा मोठा बागायतदार होता, मनानं चांगला होता, आणि त्यानंतर दर महिन्याला येत राहिला. त्याचं खरं नाव आम्हा सर्वांना माहीत होतं, पण घरात त्याला शेवटपर्यंत 'शिरोळचा राँग नंबर' असंच म्हणत.

या साऱ्या दरबाराला भाकरी थापायच्या अक्कानं. अक्का म्हणजे माझी मेहुणी, मुरगूडच्या माहेरची, कमी बोलणारी. पुरुष जेवले, पोरं जेवली, अवचित आलेले जेवले, की मग ती बुट्टीत तळाशी राहिलेली भाकरी घेऊन बसे, आणि दोन घास खाल्ले न खाल्ले तोच ओसरीवरून साडूभाऊंची हाक येई, "अगं, आनि दोघं आल्यात." अक्का ताट झाकून उठे. तिच्या ताटात वाफ येणारी भाकरी मी कधी पाहिली नाही. खरं सांगायचं तर ते तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नव्हतं, कारण माझ्या ताटात ती असायची.

शहाण्णव साली हायवेवर, शिरोलीच्या नाक्याजवळ, एका दाढीवाल्या परदेशी माणसाची मोटारसायकल बंद पडली. तिच्या बाजूला एक लांबलचक फळी बांधलेली होती. गाडीचा एक ओतीव भाग तुटला होता आणि तसला भाग देशात कुठंच मिळणार नव्हता. साडूभाऊंनी त्याचा पॅटर्न केला, शेजारच्या फौंड्रीतून ओतून घेतला, घासूनपुसून बसवला आणि या सगळ्याला लागले तेवढे चार दिवस त्या माणसाला घरी ठेवून घेतलं. तो कारवारच्या खालच्या अंगाला समुद्रकाठच्या एका गावात निघाला होता. तिथं त्याच्यासारखीच केस वाढवलेली, चित्रं काढणारी, बासऱ्या वाजवणारी माणसं झावळ्यांच्या खोपटांत महिनोन्महिने राहत. त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. साडूभाऊंच्या बाबतीत नाव सांगणं म्हणजे आमंत्रण देणं असतं, हे मी पुरतं शिकलो आहे.

"तितं करता काय तुमी?" साडूभाऊंनी त्याला विचारलं.

तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "कुछ नहीं. लहर आया तो फळी पर. लहर नहीं आया तो बैठा."

फळी हा शब्द तो चार दिवसांत आमच्याकडूनच शिकला होता. साडूभाऊ थक्क झाले. नुसतं बसण्यासाठी एक अख्खं गाव असू शकतं, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. एवढ्यात आतून, तव्यापासून, अक्काचा आवाज आला. "त्येला इचारा, सैपाक कोण करतंय तितं?"

तो म्हणाला, खोपटाचा मालक करतो. आपण बसायचं, ताट समोर येतं.

अक्का हातातलं पीठ तसंच ठेवून दारात आली आणि नवऱ्याला म्हणाली, "मला न्हेताय का तितं? आठ दिवस." लग्नाला बावीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात तिनं त्यांच्याकडं काही मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. साडूभाऊ नेहमी कुठल्याही प्रश्नाला उत्तर द्यायच्या आधी हसत. त्या दिवशी हसले नाहीत. "न्हेतो," म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी ते माझ्या ऑफिसात आले. मी पाटबंधारे खात्यात आरेखक, धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढणारा. साडूभाऊंना सुट्टीचं ड्रॉइंग हवं होतं. "तोंडी कामात चूक व्हती," हे त्यांचं म्हणणं. मग आम्ही मोठ्या कागदावर आठ दिवस आखले. सकाळी सात ते नऊ समुद्र बघणे. नऊ ते अकरा पडणे. अकरा ते साडेअकरा कूस बदलणे. मी म्हटलं, कूस बदलायला अर्धा तास? तर म्हणाले, "पावणं, निवांतपणा थंड झाला की आकसतो. अर्धा तास धरला तर पाच मिनिटं हातात पडंल." त्याच हिशोबानं आठ दिवसांसाठी दहा दिवस शॉप बंद, दोन माणसांसाठी चार सतरंज्या आणि एका बाटलीऐवजी तीन बाटल्या खोबरेल तेल धरलं गेलं. कागदाच्या कोपऱ्यात मी सवयीनं 'मंजूर' अशी रिकामी चौकट काढली. तिथं त्यांनी अक्काची सही घेतली. तिनं सही करायच्या आधी सगळा कागद वरपासून खालपर्यंत वाचला, असं ते मला कौतुकानं सांगत होते.

घोळ झाला तो इथून पुढं. सही झालेलं ड्रॉइंग मला दाखवून पुन्हा गुंडाळताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "चला की तुमी बी." आणि मी, ज्यानं स्वतःच्या हातानं त्या कागदावर 'व्यक्ती : दोन' असं लिहिलं होतं, मी म्हणालो, "येतो की." आजही ते आठवलं की मला माझाच राग येतो. मी, माझी बायको आणि दोन मुली धरून सहा झालो. साडूभाऊंच्या आत्यांना वाटेत गोकर्णाला महाबळेश्वराचं दर्शन घ्यायचं होतं, त्यांनाही "या की" म्हणून झालं. इतकी माणसं म्हटल्यावर गाडी मोठी लागणार. शिरोळच्या राँग नंबरकडं ट्रॅक्स होती. तो गाडीसकट आला, आणि गाडी त्याची असल्यामुळं त्याची बायको, भाऊ आणि भावजयही आली. एकूण अकरा. एवढ्यांना खोपटाच्या मालकाचं जेवण पुरणार नाही, शिवाय तिकडं भात आणि मासे, आमच्या शाकाहारी मंडळींना चालायचे नाहीत, म्हणून दोन स्टोव्ह, तवा, परात आणि जोंधळ्याचं पीठ घेतलं. पीठ अर्थातच वाढीव मापानं.

किनारा फार सुंदर होता. साडूभाऊंनी तिथं निवांतपणाचा कारभार स्वतःच्या अंगावर घेतला. हातात ड्रॉइंग घेऊन ते वाळूत फिरत आणि कोण कसं पडलंय ते तपासत. मी पेपर उघडला तर म्हणाले, "ते काम झालं. मिटा." नऊ वाजले की शिरोळच्या राँग नंबरला पाण्यातून बाहेर बोलावून पडायला लावत. तिसऱ्या दिवशी एका परदेशी पोरीची लाटांवरची फळी खडकावर आपटून मोडली. साडूभाऊंनी गावातल्या सुताराकडून सागवान मिळवलं आणि दोन दिवस खपून ती दुरुस्त केली. काम इतकं देखणं झालं की सगळा किनारा बघायला जमला. फळी पुन्हा कधीही मोडणार नव्हती. फक्त ती उचलायला चार माणसं लागत, आणि पाण्यात टाकल्यावर ती पोरगी वर चढायच्या आत फळीच खाली गेली. साडूभाऊ म्हणाले, "मजबूत हाय. समुद्र हलका पडला."

आणि दुपारी जेवायच्या वेळी ते किनाऱ्यावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत. "कम की. ईट. बसा पावणं." पहिल्या दिवशी दोघं आली, पाचव्या दिवशी बावीस जण आपापल्या ताटल्या घेऊन रांगेत होते. पिठलं, खर्डा आणि भाकरी खाऊन ती जटाधारी मंडळी डोळे पुसत आणि पुन्हा मागत. ती सगळी अक्काला 'आका, आका' म्हणू लागली. अक्का खोपटाच्या मागच्या बाजूला, नारळांच्या आडोशाला, दोन स्टोव्हच्या मधे बसलेली असे. माझी बायको मदतीला जाई, पण आठ दिवसांपैकी किती वेळ गेली आणि किती वेळ वाळूत पडून राहिली, हे तिनं मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

परत आल्यावर साडूभाऊंच्या ओसरीवर गल्ली जमली. दोन तास ते निवांतपणाचं वर्णन करत होते. आवाज टिपेला पोचला तेव्हा त्यांनी आत हाक मारली, "अगं, सांग की ह्यास्नी, समिंदर कसा हुता."

अक्का चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिनं क्षणभर विचार केला. टोमणा मारायचा तिचा स्वभावच नव्हता, तिनं जे माहीत होतं तेच सांगितलं. "मोठा हाय म्हणत्यात."

लोक हसले. साडूभाऊ हसले नाहीत. त्यांनी चहाचा कप हातात घेतला आणि तो तसाच धरून बसले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "पावणं, एकच गोष्ट मागितल्याली बाईनं. ती बी मी वाटून टाकली." त्या वाटपातला पहिला वाटा मीच उचलला होता.

त्यानंतर सात वर्षं ते तोंड बंद ठेवायचा सराव करत होते. हे काम त्यांना पॅटर्नपेक्षा अवघड गेलं. मधे एकदा सगळं ठरलं होतं, पण दाढी करताना न्हाव्याजवळ बोलून बसले. न्हावी, त्याची बायको आणि मेहुणा पिशव्या भरून तयार झाले, आणि साडूभाऊंना ताप आल्याचं सोंग करून पडून राहावं लागलं. ताप बघायला तेवीस माणसं आली. अक्कानं सगळ्यांना चहा केला.

दोन हजार तीनच्या डिसेंबरात एका मंगळवारी माझ्या घरी साडूभाऊंच्या शेजाऱ्याचा घाबरून फोन आला. साडूभाऊंच्या दाराला कुलूप होतं. त्या दाराला कुलूप असू शकतं हे गल्लीला माहीतच नव्हतं, त्यामुळं लोक जमून कुलपाकडं बघत उभे होते. मी सायकल काढून धावलो. दवाखान्यात चौकशी केली, मुरगूडला फोन लावला, शिरोळला लावला. कुणालाच काही ठाऊक नव्हतं. शॉपमधला जुना कारागीर तेवढा म्हणाला, "मालक गेलं चार म्हैनं दुपारचं दार लावून बसत्यात. हाताला कायतरी पांढरं लागल्यालं असतंय." लाकडाच्या भुशात ते पांढरं काय ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

ते जोंधळ्याचं पीठ होतं. हा माणूस चार महिने शॉपमध्ये, लाकूड चिकटवायचा सरस शिजवायच्या शेगडीवर, भाकरी करायला शिकत होता.

नवव्या दिवशी दोघं परत आले, काळवंडून आणि खूष होऊन. मी रागावलो होतो. मला न सांगता गेले याचा राग, आणि का सांगितलं नाही हे कळत होतं याचा त्याहून जास्त. साडूभाऊ नजर चुकवून अंगणात गेले. मी अक्काला विचारलं, काय केलं आठ दिवस?

"काय न्हाय. बसले," अक्का म्हणाली. मग तिनं सांगितलं. खोपटाच्या पडवीत ती बसायची आणि हे मागं भाकरी करायचे. पहिल्या दिवशी भाकरी जाड होती आणि एका बाजूला कच्ची. पण ताटात पडली तेव्हा वाफ येत होती. "चटका बसला बोटाला," ती म्हणाली, "आनि मला रडूच आलं बगा. ह्यास्नी वाटलं, भाकरी बिघडली म्हणून." दोन दिवस तिला चैन पडेना, हात सारखे तव्याकडं जात. तिसऱ्या दिवसापासून ती समुद्र बघायला लागली. पाचव्या दिवशी मात्र भांडण झालं. शेजारच्या खोपटात एक म्हातारी परदेशी बाई एकटीच बसून डब्यातलं काहीतरी खायची. अक्काला बघवेना. ती म्हणाली, "अवं, बोलवा की तिला." आणि साडूभाऊ, ज्यांनी राँग नंबरला जेवायला घातलं होतं, ते म्हणाले, "न्हाय."

"मी म्हणलं, म्हातारी हाय ती. तर म्हणत्यात, आठ दिस म्हंजे आठ दिस. तीन दिस ऱ्हायल्यात, नवव्या दिवशी समद्या जगाला बोलवू. मी लई बोलले ह्यास्नी. तर कानात बोटं घालून बसलं." हे सांगताना अक्का इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. मी तिला इतकं हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं.

दोन हजार आठ साली माझी धाकटी मुलगी लग्न होऊन गेली, आणि आमच्या घरात आम्ही दोघंच उरलो. तेव्हा बायको म्हणाली, आपणही त्या गावाला जाऊ, नुसतं बसायला. खोपटाचा मालक, गाडीच्या वेळा असलं सगळं विचारायला आम्ही साडूभाऊंकडं गेलो. अक्काचे गुडघे एव्हाना पार गेले होते. ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून जेवत होती, पुढं स्टुलावर ताट. साडूभाऊ तव्यापाशी होते. भाकऱ्या अजूनही जरा मोठ्याच होत. त्यांनी मला सगळं सांगितलं, कुठं उतरायचं, कुठलं खोपट घ्यायचं, पडवीत ऊन किती वाजता येतं. मी ऐकत होतो आणि शेवटी माझ्या तोंडून गेलं, "साडूभाऊ, चला की तुम्ही पण."

ते तव्यावरची भाकरी उलटत म्हणाले, "हिला आता वाळूत चालवत न्हाय. हिला सोडून मी येत न्हाय. तुमी दोघंच जावा." मग मान वर करून माझ्याकडं बघत पुन्हा म्हणाले, "दोघंच."

एवढ्यात बाहेरून हाक आली. मुरगूडहून दोघं आले होते. अक्काचा हात सवयीनं खुर्चीच्या दांड्यावर गेला. साडूभाऊ मागं न बघताच म्हणाले, "बस. खा." ते हात पुसत बाहेर गेले, पाव्हण्यांना पाणी दिलं आणि त्यांना सांगितलं, जेवणार तर हायसाच, पर हिचं आदी हू दे. ते दोघं ओसरीवर थांबले. साडूभाऊंनी आत येऊन तव्यावरची भाकरी अक्काच्या ताटात टाकली. अक्कानं ती मोडली आणि वाफ जाईपर्यंत बोटं झटकत राहिली. माझी बायको तिच्या शेजारी बसून होती, तिचे डोळे भरून आले होते. सगळे थांबलो, आणि अक्का सावकाश जेवत राहिली.